फोटोतली मादी

मी सरकारी पशुवैद्यक, रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगत. फॉरेस्टवाल्यांचा फोन आला की बहुतेक बिबट्या विहिरीत पडलेला असतो, नाहीतर कुत्र्यांनी भेकर फाडलेलं असतं. या वेळी एका घरात सापडलेल्या शिंगाचं प्रमाणपत्र हवं होतं. "सांबराचं लिहा, विषय संपला," असं साहेबांनी फोनवरच सांगून टाकलं. तक्रार कोणी केली ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. चुलत घराशी कलमांच्या बागेवरून वाद आहे. आमच्याकडे वन्यजीवांचा कळवळा बऱ्याचदा सातबाऱ्यातून उगवतो.

शिंग पडवीत गोणपाटावर ठेवलं होतं. बघताक्षणी कळलं, हे सांबराचं नाही. सांबराचं शिंग दंडगोल, खरखरीत, सहसा तीन टोकांचं. हे सुपासारखं पसरट, कडेला बोटबोटभर टोकं, मासळीच्या काट्यावर साडेसहा किलो भरलं. उलटं करून बुडखा पाहिला. भोवती खडबडीत कडं, मधला तळ किंचित फुगीर आणि दाणेदार. कवटीचा तुकडा नाही, करवतीची खूण नाही. म्हणजे आपोआप गळलेलं. काकू म्हणाल्या, यजमान बोटीवर होते, कॅनडात न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स बंदरातून आणलं. मूसचंच ते, तिकडच्या थोराड हरणाचं. तिथेही मूस मूळचा नव्हे. 1904 साली न्यू ब्रन्सविकमधून चार जनावरं नेऊन सोडली, त्यांची पिलावळ आज लाखाच्या घरात आहे.

'लिंग'च्या रकान्यात मी 'नर' लिहिलं.

"जनावर न बघताच?"

साहेबांना सांगितलं, हरणांच्या कुळात माद्यांनाही नेमाने शिंगं येतात ती फक्त रेनडिअरमध्ये. मूसमध्ये ती नरालाच. वसंतात फुटतात, चार-पाच महिन्यांत पुरी वाढतात, वरची मखमली कातडी झाडांवर घासून उतरली की माजाच्या दिवसांत झुंजीला तयार. हिवाळ्यात गळून पडतात, थोराड नरांची आधी, कोवळ्यांची उशिरा.

तेवढ्यात काकूंनी ट्रंकेतून यजमानांनी काढलेला फोटो आणला. बर्फ, रस्ता, मोटारीपेक्षा उंच जनावर. डोक्यावर शिंगं नाहीत.

"बघा! म्हणजे शिंग या प्राण्याचं नाहीच."

हिवाळा आहे, गळली असतील, एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण फोटो मागून काढलेला. शेपटीखाली पांढरा पट्टा लख्ख दिसत होता, तो मादीलाच असतो. मान वळवलेली, नाकाडाचा रंग फिकट तपकिरी. नराचं तोंड काळपट. गळ्याखालची लोंबती कातडीही चिमुकली. मादी आहे, असं मी सांगितलं. पंचनाम्यात उतरलं ते एवढंच: 'फोटोतील प्राणी शिंगे नसलेली मादी असल्याचे पशुवैद्यकांनी मान्य केले.' बुडख्याबद्दलचं माझं अर्धं पान जोडपत्रात गेलं, आणि जोडपत्र कोण वाचतो?

कायदा कडक आहे हे मान्य. सांबराचं शिंग जंगलात गळलेलं सापडलं तरी 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरात ठेवता येत नाही, आणि तसंच हवं. पण ज्या फोटोने ना हे सिद्ध होतं ना ते, त्याच्यावर जप्ती? आजही मी मादीला मादीच म्हणेन. तरी ते एक वाक्य डोक्यातून जात नाही.

शिंग सील झालं, नमुना डीएनए तपासणीला जायचा आहे. प्रमाणपत्राची सहीशिक्क्याची प्रत मी काकूंना दिली आणि वकिलाला दाखवा म्हटलं. चुलत घराने म्हणे त्याच आठवड्यात आपल्या माळ्यावरची कासवाची पाठ हलवली.