पॉयझन आयव्हीचे पुरळ पुन्हा पुन्हा का उठत होते: माझा अनुभव

मध्य न्यू जर्सीतील आमच्या घरामागे कुंपणाला लागून ओक आणि मेपलच्या झाडांची एक पट्टी आहे आणि तिच्या कडेने पॉयझन आयव्हीची वेल पसरलेली आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात ही वेल इतकी सर्रास आढळते की 'तीन पानांचा झुपका दिसला तर हात लावू नये' हे येथील मुलांना लहानपणीच शिकवले जाते. मोठेपणी येथे येऊन राहिलेल्या माझ्यासारख्या लोकांना मात्र ते अंगावर उठल्यावरच कळते. माझे पुरळ बरे होत आले की पुन्हा उठायचे, आणि एक उन्हाळा असा गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यातही तेच सुरू झाले. या पुन्हा उठण्यामागे वेगवेगळी कारणे एकमेकांत मिसळलेली होती आणि ती एकेक करून सुटी करावी लागली.

सुरुवात डाव्या हाताच्या आतल्या बाजूला झाली. मनगटापासून कोपराच्या दिशेने बारीक फोडांची एक सरळ रेघ उमटली होती. पान ज्या वाटेने कातडीला घासत जाते त्याच वाटेने फोड येतात, त्यामुळे किड्याच्या चाव्यापासून हे पुरळ वेगळे ओळखता येते. लवकरच फोड टपोरे होऊन त्यांतून पिवळसर लस येऊ लागली, आणि गार पाण्यात भिजवलेले फडके हातावर ठेवल्याशिवाय रात्री डोळा लागेना. व्हिडिओ कॉलवर हात पाहताच आई म्हणाली, "अगं, हा तर बिब्बा उतल्यासारखा दिसतोय." आई वाशीमकडची आहे. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचे हात तिने लहानपणापासून पाहिलेले आहेत, त्यामुळे तिला वेगळे काही सांगावे लागले नाही.

तिचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर होते. आंबा, काजू, बिब्बा आणि पॉयझन आयव्ही या सर्व वनस्पती एकाच कुळातल्या आहेत आणि त्यांच्या चिकातील त्रासदायक द्रव्ये एकमेकांच्या फार जवळची आहेत. पॉयझन आयव्हीतील तेलकट द्रव्याला उरुशिऑल म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या अंगावर पुरळ उठू लागले, तेव्हा धोब्यांनी कपड्यांवर बिब्ब्याने केलेल्या खुणा हे त्याचे कारण असल्याचे निघाले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बिब्बा कसा घातला जातो हे मला म्हणींपुरते माहीत होते, आता ते अक्षरशः अनुभवायला मिळाले.

चेहऱ्यावर आणि डोळ्याभोवती सूज आल्यावर मी जवळच्या एका दवाखान्यात गेले. तेथे मला मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांचे तयार पाकीट मिळाले. त्यात चार मिलिग्रॅमच्या २१ गोळ्या असतात, पहिल्या दिवशी सहा, दुसऱ्या दिवशी पाच, अशा त्या सहा दिवसांत संपतात. गोळ्या सुरू होताच खाज ओसरली आणि फोड सुकू लागले, पण पाकीट संपल्यावर थोड्याच दिवसांत जुन्या जागी नव्याने फोड आले, शिवाय पोटावर आणि मांडीवरही पुरळ उठले. फोडातील लस लागून ते पसरले असावे असा घरातील सर्वांचा समज झाला, माझे टॉवेल वेगळे ठेवले गेले आणि मुलाला जवळ घेणेही मी टाळू लागले.

त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर या समजाचा निकाल लागला. फोडांतून येणारी लस ही शरीराचीच असते, तिच्यात उरुशिऑल नसते, त्यामुळे ती स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या अंगाला लागून पुरळ पसरत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मग ते नव्या जागी कसे उठते? जेथे तेल जास्त लागले किंवा जेथे कातडी पातळ आहे तेथे पुरळ आधी दिसते, आणि जेथे तेल कमी लागले किंवा कातडी जाड आहे तेथे ते काही दिवसांनी वर येते. पुरळ एकाच दिवसाच्या संपर्कातले असते, फक्त ते हप्त्याहप्त्याने बाहेर पडते आणि पाहणाऱ्याला पसरत चालल्याचा भास होतो.

जुन्या जागी पुन्हा आलेल्या फोडांचे कारण निराळे होते. उरुशिऑल कातडीतील प्रथिनांना चिकटते आणि शरीरातील टी पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) त्या प्रथिनांना परके समजून त्यांच्यावर हल्ला करतात. हा हल्ला साधारणपणे दोन ते तीन आठवडे चालतो. सहा दिवसांच्या गोळ्यांनी तो दबतो, पण गोळ्या थांबतात तेव्हा तो संपलेला नसतो, म्हणून पुरळ पुन्हा उसळते. डॉक्टरांनी प्रेडनिसोन या स्टेरॉइडचा दोन-तीन आठवड्यांचा, मात्रा हळूहळू उतरवत नेणारा क्रम दिला आणि या वेळी ते खरोखरच बरे झाले. माझी रक्तातील साखर सीमारेषेवर असल्यामुळे ती रोज तपासावी लागली. स्टेरॉइडने झोप उडते आणि भूक भलतीच वाढते, हेही सोसावे लागले. या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेण्याच्या किंवा मध्येच सोडण्याच्या नव्हेत, आणि लहानसहान पुरळाला त्या लागतही नाहीत. मधल्या काळात कॅलामाइन, गार पाण्याच्या पट्ट्या आणि ओटच्या बारीक पिठाची अंघोळ यांचा उपयोग झाला. खाजेवरची ॲलर्जीविरोधी (अँटीहिस्टामाइन) मलमे मात्र वापरू नयेत असे डॉक्टरांनी बजावले, कारण अशा मलमांचीच नवी ॲलर्जी होऊ शकते.

एवढे होऊनही पुढच्या उन्हाळ्यात वेलीजवळ न फिरकता बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठले, तेव्हा डॉक्टरांनी मला औषधाऐवजी वस्तूंची यादी करायला सांगितले. उरुशिऑल सहजी उडून जात नाही आणि सुकल्यावर निकामीही होत नाही, ते अवजारांवर आणि कपड्यांवर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकते. माझ्या यादीत फावड्याचा लाकडी दांडा, बागकामाचे चामडी हातमोजे आणि बुटांच्या नाड्या होत्या. त्याखेरीज मुलाचा टेनिसचा चेंडूही होता. परसदारी क्रिकेट खेळताना प्रत्येक उत्तुंग फटक्यानंतर तो चेंडू कुंपणाच्या झुडपांत जायचा, त्याची लव तेल धरून ठेवायची आणि गोलंदाजीला माझीच नेमणूक असायची. मुलाच्या हातावर मात्र काहीच उठले नाही, कारण सर्वांनाच या तेलाचे वावडे नसते आणि ज्यांना आज नाही त्यांना ते पुढे कधीही होऊ शकते.

चेंडू आणि हातमोजे फेकून दिले. अवजारे रबिंग अल्कोहोलने पुसली, नाड्या आणि कपडे गरम पाण्यात भरपूर डिटर्जंट घालून वेगळे धुतले. पातळ रबरी हातमोज्यांतून हे तेल आरपार जाऊ शकते, म्हणून जाड व्हिनाइलचे घेतले. हात धुण्याची रीतही बदलावी लागली. हे तेल डोळ्यांना दिसत नाही, पण ते हाताला लागलेल्या गाडीच्या वंगणासारखे चिवट असते, त्यामुळे नुसता साबण फिरवून भागत नाही, फडक्याने घासून पुन्हा पुन्हा धुवावे लागते, आणि तेही शक्यतो पहिल्या दहा मिनिटांत.

शेवटचे कारण सर्वांत जिवावर आले. मे-जूनमध्ये ओठांच्या कडेला आणि हनुवटीवर पुरळ उठायचे आणि त्याचा वेलीशी संबंध लागत नव्हता. डॉक्टरांनी विचारले, "तुम्ही आंबे खाता का?" भारतातील आंबा २००७ पासून अमेरिकेत पुन्हा येऊ लागला आहे आणि आमच्या घरी हापूसची पेटी आली की साल दातांनी सोलून कोय चोखणे हे ओघाने येतेच. आंब्याच्या सालीत आणि देठाजवळच्या चिकात उरुशिऑलचीच भावंडे असतात, त्यामुळे ज्याची कातडी पॉयझन आयव्हीला चिडते त्याला सालीचाही त्रास होऊ शकतो. गराचा सहसा होत नाही. तेव्हापासून आंबे माझे पती धुऊन सोलतात आणि मला वाटीत फोडी मिळतात. असा आंबा सभ्य दिसतो, पण तो आंबा खाल्ल्याचे समाधान देत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेल काढण्याचे काम आम्ही माहीतगार माणसाकडून करून घेतले. ओकवर चढलेला तिचा जुना बुंधा मनगटाएवढा जाड होता आणि त्यावर तपकिरी मुळांची दाट लव होती. पानगळीनंतरही त्या बुंध्यात तेल असते. तो जमिनीलगत कापून खुंटाला तणनाशक लावले आणि तोडलेला भाग पिशव्यांत बांधून कचऱ्यात दिला. ही वेल जाळणे सर्वांत धोक्याचे, कारण धुराबरोबर तेल फुप्फुसांत जाऊ शकते. वेल गेली तरी तिची पांढरी फळे खाणारे पक्षी बिया टाकतच राहतात, म्हणून दर वसंतात कुंपणाखाली नवी रोपे उगवतात. बॉक्स एल्डर या झाडाची रोपेही अशीच तीन-तीन पानांची असतात. शंका आल्यास मी हातमोजे घालून पान पांढऱ्या कागदात चुरडते. पॉयझन आयव्हीचा डाग काही मिनिटांत तपकिरी होऊन काळा पडू लागतो. मग जाड पिशवी हातावर उलटी चढवून रोप मुळासकट उपटते, पिशवी सुलटी करून गाठ मारते आणि सरळ धुवायला जाते. गेल्या वसंतात घोट्यावर एक लहानसा चट्टा उठला होता, पण क्लोबेटासोल या स्टेरॉइडच्या मलमावर तो आवरला आणि गोळ्यांची वेळ आली नाही.