आप्पांचा लेहरा

यंदाच्या गुरुपौर्णिमेला आमच्या लेकीनं पहिल्यांदा स्वतंत्र तबला वाजवला. तीनताल, पंचवीस मिनिटं. ती तेरा वर्षांची आहे आणि सातव्या वर्षापासून मिरजेत सरांकडे शिकतेय. परीक्षा दिल्या, कार्यक्रमांत पाच-पाच मिनिटं वाजवलं, पण सुरुवातीच्या पेशकारापासून शेवटच्या चक्रदारापर्यंत सगळं एकटीनं बसून वाजवायची ही पहिलीच वेळ. आणि तिच्या शेजारी पेटीवर लेहरा धरायला होते माझे सासरे, आप्पा.

लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनाएवढी, म्हणजे एका फेरीएवढी, सुरावट; तीनतालात ती सोळा मात्रांची. तबलजी आपल्या मनातलं सगळं वाजवतो आणि पेटीवाला तेवढी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. त्यानं लय वाढवायची नाही, कमी करायची नाही, मध्येच एखादी हरकतही घ्यायची नाही. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे हे तबल्याला त्या ओळीवरून कळतं. पंचवीस मिनिटांत ती शंभराहून जास्त वेळा येते. टाळ्या कुणाला पडतात ते सांगायला नको.

आधी लेहरा सरांकडचाच एक मुलगा धरणार होता. तो फेब्रुवारीत शिकायला पुण्याला गेला. सर म्हणाले, मोबाइलवरचा लेहरा लावू. लेक म्हणाली, "नको. आप्पा वाजवतील."

आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे. तासगावजवळच्या आमच्या गावात भजनी मंडळाची पेटी त्यांनी चाळीस वर्षं सांभाळली. पण भजनातली पेटी वेगळी. बुवा श्वासाला थांबला की पेटीनं जागा भरायची, पखवाज चढला की आपणही चढायचं, कुणी चुकलं तर त्याच्याबरोबर जाऊन सांभाळून घ्यायचं. शेवटच्या गजराला तर अख्खं देऊळ धावत असतं. चाळीस वर्षं हेच हातात मुरलेलं.

दर शनिवारी ते एसटीनं मिरजेला यायचे. चंद्रकंस रागातला लेहरा सरांनी लिहून दिला होता. सुरुवात मिनिटाला साठ मात्रांनी, म्हणजे आवर्तनाला सोळा सेकंद. आठ-दहा आवर्तनं झाली की आप्पा नकळत पुढे सरकायचे. लेक हात थांबवायची. "आप्पा, पळताय." ते चष्मा काढून पुसायचे, परत पहिल्यापासून. मी स्वयंपाकघरात चपात्या लाटता लाटता मात्रा मोजायची: एक, पाच आणि तेराला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी नाही. तिच्या नादानं सहा वर्षांत मला एवढं नक्की यायला लागलंय.

मार्चमध्ये एका शनिवारी त्यांनी भाता लावून टाकला. म्हणाले, "चाळीस वर्षं वाजवतोय आणि मला एका जागी थांबता येईना." मला वाटलं, आता काही ते परत यायचे नाहीत. पण त्याच आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. "पहाटे चारला उठून तीच ओळ वाजवत बसतात. मलाही पाठ झाली आता."

हे सगळं ते का करत होते, ते मला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी समजलं. आप्पा तिला मीरासाहेबांच्या दर्ग्यात घेऊन गेले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथे आहे आणि दरवर्षी उरुसात तिथे संगीत सभा होते. आप्पा तरुणपणी शेतातलं काम उरकून, पायजम्याला माती तशीच असताना या सभेला यायचे आणि रात्रभर मागच्या बाजूला बसायचे. गाणं शिकायची फार इच्छा होती, ते जमलं नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. नातीला सांगितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून पाऊस. ओल्या हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैल पडते, सूर उतरतो. लेक विंगेत बसून पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर हातोडी मारत तबला काळी एकच्या सुराला मिळवत होती, आप्पा पेटीचा षड्ज धरून. सभागृहात कोल्हापूरहून आलेली नणंद, शाळेतल्या चार मैत्रिणी, शेजारच्या काकू. आणि जीप करून आलेले आप्पांच्या मंडळातले सहाजण, पांढऱ्या टोप्या घालून, पहिल्या रांगेत. स्वतंत्र तबला त्यांनी कधी ऐकला नव्हता, पण तिसऱ्या-चौथ्या आवर्तनापासून समेवर सहाही टोप्या एकदम हलायला लागल्या.

पेशकार छान झाला. मग 'धाधा तिट धाधा तूंना' हा कायदा, म्हणजे ज्याचे बोल उलटसुलट करून वाढवत न्यायचे अशी रचना. तो तिनं आधी तोंडानं म्हणून दाखवला आणि मग हातावर घेतला. त्याचे पलटे तिनं इतके शांतपणे उलगडले की सर मान खाली घालून ऐकत होते. मग लय वाढली, जलद बोलांचा रेला सुरू झाला. डग्ग्यावरचा तिचा हात आता खरंच बोलतो. मला ते ऐकताना भरून येत होतं.

रेल्याच्या शेवटी तिहाई होती. तोच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवटचा धा समेवर. तिनं मधला दम, म्हणजे तुकड्यांमधला थांबा, कमी घेतला आणि धा सोळाव्या मात्रेवर पडला. एक मात्रा आधी. मी आप्पांकडे बघितलं. भजन असतं तर त्यांनी तिथेच सम धरून तिला झाकलं असतं, लोकांना कळलंही नसतं. त्यांची बोटं पांढरी पडली होती, पण हलली नाहीत. सोळावी मात्रा सोळावीच राहिली, आणि मग सम आली, तिच्या जागी.

लेकीनं ती ऐकली. एक आवर्तन नुसता ठेका धरला. सरांनी तिला पहिल्या वर्षी शिकवलेला साधा ठेका, धा धिं धिं धा. मग तीच तिहाई परत उचलली आणि बरोब्बर समेवर टाकली. पहिल्या रांगेतून कुणीतरी "व्वा, पोरी!" म्हणालं आणि सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. ते ठेक्याचं एक आवर्तन मला सगळ्या पंचवीस मिनिटांत जास्त आवडलं.

नंतर घरी तीसेक माणसं. भडंग, मसालेभात, जिलेबी. मंडळातल्या एकेकानं तिच्या हातात दहा-वीसची नोट ठेवली, तिनं वाकून नमस्कार केला. मैत्रिणी कोपऱ्यात तबल्यावर आळीपाळीनं हात आपटून बघत होत्या. मी आप्पांना ताट दिलं आणि विचारलं, तिहाईला काय वाटलं?

"लई अवघड गेलं गं," एवढंच म्हणाले आणि भातात तूप कालवत राहिले.

निघताना जीपमध्ये पेटी ठेवून ते खिडकीतून तिला म्हणाले, "कामिका एकादशीला ये गावाकडं, देवळात. तुझा तबला घेऊन. तिथं मी पळणार, तू माझ्या मागनं यायचं."

ती आत्ताच भजनी ठेका काढून बसली आहे.