चालकाची चूक!

आज दिवसभर अपघातांचे अहवाल वाचत होतो. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच उत्तर, 'चालकाची चूक'. लिहिणारा मोकळा! वळण किती आवळलंय, दिवा बंद होता का, खांब रस्त्याला किती खेटून आहे, यासाठी रकानाच नाही.

नव्याने रुजू झालेल्या मुलीने विचारलं, "सर, या रस्ते सुरक्षेच्या क्षेत्रात टिकायचं तर शिकायचं काय?" इंजिनिअरिंग, संख्याशास्त्र, कायदा, काहीही चालतं. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन डॉक्टर होते. अपघाताआधी, अपघाताच्या क्षणी आणि नंतर, अशा तिन्ही टप्प्यांवर माणूस, वाहन आणि परिसर तपासायचा तक्ता त्यांचाच. माणूस चुकणारच, पण त्यापायी जीव जाऊ नये, हे धरून स्वीडनने १९९७ मध्ये 'व्हिजन झीरो' हे रस्ते सुरक्षेचं धोरण स्वीकारलं.

चिकाटी मात्र हवी. सरासरी वेग १ टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण ४ टक्क्यांनी वाढतो, हे बैठकीत कितीही सांगा, उत्तर ठरलेलं: "पण वाहतूक मंदावेल त्याचं काय?" (इथेच निम्मे लोक कंटाळून दुसरं खातं मागतात.)

तिने शांतपणे विचारलं, "किती मिनिटांनी मंदावेल, ते कुणी मोजलंय का?"

टिकेल ही पोरगी.