तुझं फक्त ऐकू येते

बुधवार. नवतपाचा, म्हणजे ऐन उन्हाच्या नऊ दिवसांतला, चौथा दिवस. रात्रीचे साडेअकरा.

सुरुवात कूलरपासून झाली. परवा दुपारी दोनला घरी आले तर कूलर नुसती गरम हवा फेकत होता, आतली खस कोरडी खडखडीत, आणि तिघंही त्या हवेत मोबाईलभोवती बसून हसत होते. पाणी भरायची पाळी मोठीची होती. मला जे बोलायचं ते मी बोलले. रोजचंच. लाईटबिल, उन्हात फिरून आलेली बाई, या घरात दुसऱ्या कोणाला हात आहेत की नाहीत वगैरे. मोठीने मोबाईल थांबवला, शांतपणे माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, ती पण दिवसभर चिल्लावते. पण तिचं पाहायला मजा येते. तुझं फक्त ऐकू येते."

आणि उठून बादली घेऊन गेली. म्हणजे भांडणही हाती लागलं नाही.

ती म्हणजे पेनेलोपी. सुट्ट्या लागल्यापासून आमच्या घरात तीच नांदते आहे. "वन डे ॲट अ टाइम" या इंग्रजी मालिकेतली. लॉस एंजेलिसमधलं क्युबन कुटुंब, सैन्यातून परत आलेली नर्स, नवऱ्यापासून वेगळी झालेली, एक मुलगी, एक मुलगा, आणि आई. ती आई हॉलच्याच एका कोपऱ्यात पडद्यामागे राहते. तो पडदा ती असा सरकवते की वाटावं आता तिसरी घंटा झाली. आमच्या हॉलमध्ये माझ्या आईच्या पलंगाला पडदा म्हणून जी साडी लावली आहे ती कोणती, ते इथे लिहीत नाही.

आईला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही, पण त्या पडद्यावर तिचा जीव जडला आहे. "हे म्हातारी माह्यासारखीच राह्यते वं," म्हणते. पहिला सीझन 2017 च्या जानेवारीत आला तेव्हा ते काम करणारी रिटा मोरेनो 85 वर्षांची होती, हे मोठीने सांगितल्यापासून आईने गुडघ्याचं नाव काढलेलं नाही. तेवढाच फायदा. पहिल्या दिवशी आईने विचारलं होतं, "हे लोक कोण हासून राह्यले? दिसत त नाही कोणी." मोठीने समजावलं की समोर खरी माणसं बसवून शूटिंग करतात, ती हसतात. आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग त्याइले आपल्या घरी बलाव ना. तुही माय रोज फुकटच बोलते."

त्यावर मीही हसले होते. परवाच्या वाक्यावर मात्र हसू आलं नाही. दोन दिवस झाले, सुई मोडून आत राहावी तसं ते वाक्य आत आहे. चूक आहे असं म्हणता येत नाही, हाच त्रास आहे. तिने मला वाईट म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. कष्ट दिसत नाहीत म्हणाली असती तर रडून दाखवलं असतं, ते मला चांगलं जमतं. पण तुझ्यात मजा नाही, याला काय उत्तर द्यायचं?

काल धंतोलीच्या सिग्नलला उभी असताना मनातल्या मनात पेनेलोपीशी भांडत होते. बाई, तुझ्याकडे अख्खी खोली भरून लेखक होते. ग्लोरिया काल्डेरॉन केलेट आणि माइक रॉइस त्यांच्यावर देखरेख करायचे, आणि डोक्यावर नव्वदी ओलांडलेला निर्माता नॉर्मन लिअर होता. तू रागावतेस तेव्हा तो राग आधी कुणीतरी लिहिलेला असतो, खोडलेला असतो, पुन्हा लिहिलेला असतो. मला सकाळी साडेपाचला लॅबसाठी मनीषनगरातल्या घरचं रक्ताचं फास्टिंग सॅम्पल गाठायचं असतं आणि डब्याचं झाकण सापडत नसतं. त्या घाईत मी काय वाक्य रचणार? शिवाय तुझा तो घरमालक श्नायडर. दार न वाजवता आत येतो, मुलांशी बोलतो, नळ दुरुस्त करतो. आमचा घरमालक एक तारखेला येतो. दार वाजवून.

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न मारला. वाक्य अर्धंच राहिलं.

त्या मालिकेत एक प्रसंग आहे. पहिल्या सीझनच्या शेवटी मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा मोठा समारंभ असतो, त्यात बापाने मुलीबरोबर नाचायचं असतं, आणि बाप निघून जातो. मग आई पुढे होते. ते सुरू झालं तेव्हा मी पाणी प्यायला उठले आणि भांडी घासत बसले. रविवारी तो येणार होता. असो, त्यावर आज नाही.

मी नाही का विनोदी? हेच घोळतं आहे. ज्या शहरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लोक महागाईचे आणि पुढाऱ्यांचे बडगे, म्हणजे पुतळे, करून वाजत-गाजत मिरवतात, इडा-पीडा घेऊन जा गे मारबत म्हणत शंभरावर वर्षं आपला त्रास जाळतात आणि नाचतात, त्या नागपूरच्या महाल भागात मी लहानाची मोठी झाले. दुःखाची टिंगल करायची आमच्याकडे रीत आहे. मग माझ्यापर्यंत येऊन ती संपली कशी?

आणि आज सकाळी एक गंमत लक्षात आली. मनीषनगरचे ते काका, ज्यांची शीर कधीच सापडत नाही, दंडाला पट्टी बांधल्या बांधल्या म्हणाले, "किती काढतेस गं, थोडं ठेव." मी म्हटलं, "काका, लॅबवाले मोजून घेतात. उरलं तर संध्याकाळी परत आणून देते." काका हसले, काकू स्वयंपाकघरातून हसल्या, शीर मिळाली. पुढच्या घरी आधार, पॅन, पेन्शनच्या कागदांत बुडालेले एक गृहस्थ. त्यांना म्हटलं, "फक्त दोन नळ्या. बँक केवायसीला यापेक्षा जास्त पिते." तेही हसले. जांभळ्या झाकणाची नळी भरली, करड्या झाकणाची भरली, त्यांना कळलंसुद्धा नाही.

म्हणजे मी विनोदी आहे की! सकाळी साडेपाच ते दुपारी दोन. सुईसोबत. माझे सगळे विनोद बर्फाच्या डब्यासारखे बाहेर जातात आणि घरी डबा रिकामा येतो. घरच्यांना मिळते ती मी दोन वाजताची, 45 अंशांची. हे मोठीला सांगावं असं वाटलं. मग वाटलं, नको, तेही ती नुसतं ऐकेल.

एक गोष्ट मात्र मोठीनेच शोधून सांगितली. ही मालिका मुळात जुनी आहे. 1975 ते 1984 चालली, तेव्हा ती ॲन रोमानो नावाच्या घटस्फोटित बाईची होती, इंडियानापोलिसमध्ये दोन मुली वाढवणारी. ज्या दोघांची ती कल्पना, त्यांतली व्हिटनी ब्लेक एकेकाळी स्वतः एकटीने मुलं वाढवत होती. मी तेव्हापासून तिचाच विचार करते आहे. टीव्हीवर लोक हसले ते नंतर. त्याच्या आधी, तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, ती ओरडत असताना कोणी हसत होतं का? तिची मुलगी पुढे नटी झाली म्हणे. तिलाही कधी वाटलं असेल, आई, तुझं फक्त ऐकू येते.

तर आज संध्याकाळी मी वेडेपणा केला. दुसऱ्या सीझनमध्ये पेनेलोपी औषधं बंद करते, खचते, आणि डोक्यात चाललेलं सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून मग स्वतःच ऐकते. तो भाग विनोदी नाही, मी तो एकटीने दोनदा पाहिला आहे. तिचं कारण वेगळं होतं. माझं एवढंच की मी कशी वाटते ते ऐकावं. आठ वाजता ओट्यावर डब्यांच्या मागे मोबाईल ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि स्वयंपाकाला लागले. 26 मिनिटं. त्यांचा एक एपिसोडही साधारण तेवढाच.

आता सगळे झोपल्यावर इअरफोन लावून ऐकलं. आधी पाच मिनिटं कूलर. मग कुकरची शिट्टी, मग मी. माझा आवाज मला वाटतो त्यापेक्षा बारीक आहे. चार्जर कुठे आहे. सांबाराची जुडी निवडून ठेव म्हटलं होतं. लहान्या, बनियन उलटं आहे. अर्ज भरलास का, शेवटची तारीख कधीची आहे. "किती वेळा सांगू" हे मी सात वेळा म्हटलं आहे. निदान त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

ऐकून आधी रडू येईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. तिसऱ्या "किती वेळा सांगू"नंतर मागून लहान्या हळूच "तीन" म्हणतो. हे मला तेव्हा ऐकूच आलं नव्हतं! पोट्टं मोजून राहिलं होतं. पाचव्याला आईसुद्धा मोजायला लागते. माझ्या घरात माझ्या पाठीमागे अख्खा कार्यक्रम चालू आहे आणि मला तिकीटच नाही.

आणि सतराव्या मिनिटाला मोठी हसते. मोबाईल पाहून हसते तसं नाही, ते मला माहीत आहे, ते कोरडं असतं. हे नाकातून फुटणारं, आवरलेलं आणि तरी निसटलेलं, लहानपणीचं. त्यानंतर "काहीही हं आई!" म्हणजे मीच काहीतरी म्हणाले होते. पण नेमका तेव्हाच मी जवसाच्या चटणीसाठी मिक्सर लावलेला. माझा आवाज आहे, चढा आहे, दोन वाक्यं असावीत. शब्द एकही कळत नाही. सहा वेळा मागे नेऊन ऐकलं. घर्रर्र, मी, घर्रर्र, आणि तिचं हसू.

मला काहीच आठवत नाही मी काय म्हणाले ते.

शेवटी राहवलं नाही. पडद्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "आई, जागी आहेस? संध्याकाळी मिक्सर लावला तेव्हा मी मोठीला काय म्हटलं होतं?"

आतून थोडा वेळ काही नाही. मग, "मिक्सर चालू असताना कोणाले ऐकू येते वं. झोप आता."

खलबत्ता माळ्यावर आहे. सकाळी निघायच्या आधी काढून ठेवते.