दुधाची दाढ आणि पावतीची खिडकी

माझ्या लेकीला चौथं लागलं तेव्हा वरचे पुढचे चारही दात किडलेले होते आणि उजवीकडची खालची दाढ रात्री ठणकायची. सासूबाई म्हणायच्या, "काहून दवाखान्यात नेऊन राहिली? दुधाचे दात आहेत, पडूनच जातात." मलाही तेच वाटत होतं. एका सकाळी गाल सुजलेला दिसला, तेव्हा मात्र धावलो.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. नागपुरातलाच, सरकारी. केसपेपर निघाला, मॅडमनी तपासलं, एक्स-रे लिहून दिला. इथवर एक तासही लागला नाही. पुढे एक्स-रेची पावती, आणि तिच्यासाठी खिडकी एकच.

दीड तासाने माझा नंबर आला तर "सुट्टे आणा." बाहेरच्या टपरीवरून सुट्टे आणले, परत रांगेच्या शेवटी. दुसऱ्यांदा नंबर आला तर "यावर शिक्का नाही, वरून मारून आणा." पहिल्यांदा हाच कागद याच माणसाने हातात घेऊन पाहिला होता! तेव्हाच सांगितलं असतं तर? लेकीला कडेवर घेऊन दोन जिने चढले. शिक्क्याचं टेबल रिकामं. शिक्का मिळाला तेव्हा खाली खिडकीला पाटी लागली होती, जेवणाची सुट्टी. मे महिना, नागपूरचं ऊन, आणि पंख्याखाली उभं राहायलाही जागा नाही.

त्या बाकांवर आम्ही पंचवीस-तीस आईबाप बसलो होतो. प्रत्येकाच्या मांडीवर किडक्या दातांचं, रडवेलं लेकरू. आणि त्यांना गप्प करायला जवळपास प्रत्येकाच्या हातात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा. माझ्याही. बिस्किटाचा लगदा तिच्या दाढेच्या खड्ड्यात बसला आणि ती अशी कळवळली की रुमालाचं टोक ओलं करून मी तो काढत बसले. समोरच्या भिंतीवर दाताचं मोठं चित्र होतं, सगळा मजकूर इंग्रजीत. इतके तास आम्ही तिथे अडकलो होतो. कुणी पाच मिनिटं येऊन ब्रश कसा धरायचा एवढं दाखवलं असतं, तर तीस घरांतल्या लेकरांचं भलं झालं असतं. याचा राग अजून जात नाही.

ती पाच मिनिटं मला शेवटी मिळाली, एका शिकाऊ डॉक्टर मुलीकडून, तीही मी विचारलं म्हणून. तिने मला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. लेकीचे पाय माझ्याकडे, डोकं तिच्या मांडीवर. वरचा ओठ बोटाने उचलला आणि म्हणाली, कीड लागायच्या आधी इथे हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा येतो, तेव्हाच धरलं तर ती थांबते. ऐकून पोटात कालवलं. लेक दीड वर्षाची असताना तो पट्टा मी पाहिला होता. दूध लागलंय समजून ओल्या कापडाने पुसत होते.

कारण बाटली. तीन वर्षांची होईपर्यंत ती साखर घातलेलं दूध पीतच झोपायची. झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध दातांवर तसंच राहतं. खालचे पुढचे दात वाचले, कारण बाटली चोखताना त्यांच्यावर जीभ असते. आम्ही दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवत नेलं. दोन आठवड्यांत बाटलीत नुसतं पाणी उरलं, मग बाटलीच सुटली.

दाढेचं रूट कॅनल झालं, वर स्टीलची टोपी बसली. ही दाढ वयाच्या दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हवी, खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा तीच राखते. पुढच्या दातांना चांदीचं औषध लावलं. त्याने कीड थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. लोक विचारतात. मी सांगते, हा काळा रंग औषधाचा आहे.

पेस्ट फ्लोराइडचीच घ्या, ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण १००० पीपीएम आहे ना, ते पाहून. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी. सासूबाई घाबरल्या होत्या. त्यांचं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, बोअरचं पाणी पिऊन दातांवर तपकिरी डाग पडलेली माणसं त्यांनी पाहिलेली. ते डाग लहानपणी वर्षानुवर्षं प्यायलेल्या पाण्यातल्या फ्लोराइडचे, दाण्याएवढ्या पेस्टचे नाहीत, हे मॅडमनी समजावलं. घरी बोअरचं पाणी असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

रात्रीचा ब्रश चुकवू नका, त्यानंतर फक्त पाणी. ब्रश झाल्यावर थुंकायचं, चूळ भरायची नाही. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश आईबापानेच फिरवायचा. आणि सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते ती पक्की असते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून लोक तिला दुधाची समजतात.

दवाखान्यात जाताना सुट्टे पैसे ठेवा, तपासणीच्या टेबलावरून उठण्याआधी शिक्का मागा, डब्यात काकडी, पोळी-भाजी न्या.

धाकटा आता दहा महिन्यांचा आहे, खाली दोन दात आलेत. गोवर-रुबेलाच्या लशीला नेलं तेव्हा वजन झालं, सुई झाली, तोंडात कुणीच पाहिलं नाही. म्हणून मीच सिस्टरला थांबवून विचारलं, "याचे दात बघता का?" त्यांनी पाहिले. मागे उभी असलेली बाई म्हणाली, "माझ्याही पोराचे बघा ना."