तुरुंगातल्या माणसाला पत्र लिहायचं असेल तर

तुरुंगातल्या अनोळखी माणसाला पत्र लिहावं असं वाटणारे पुष्कळ असतात, सहा महिन्यांनीही लिहीत राहिलेले थोडे. दोन भरभरून लिहिलेली पत्रं येतात आणि मग टपाल बंद पडतं, तेव्हा आतल्या माणसाची खात्रीच पटते की बाहेरचं कुणी टिकत नाही. त्याआधी कुणी लिहीतच नव्हतं ते परवडलं, असं त्याला वाटतं. म्हणून पेन उचलण्याआधी ठरवा: महिन्याला एक पत्र, किमान एक वर्ष. हे जमणारं नसेल तर कैद्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला पाकिटं, तिकिटं, पुस्तकं द्या. तीही खरी मदत आहे.

नाव शक्यतो संस्थेकडून किंवा तुरुंगात जाणाऱ्या धर्मगुरूंकडून घ्या आणि उत्तरासाठी पत्ताही संस्थेचाच द्या. घरचा पत्ता नको, आडनाव नको, मुलांची शाळा नको. समोरचा माणूस वाईटच असेल म्हणून हे नाही. पत्र अनेक हातांतून जातं, बराकीत पडून राहतं, वाचता न येणाऱ्याला दुसरा कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवतो. चार जणांनी ऐकलं तरी चालेल तेवढंच लिहा.

आता पाकीट. कैद्याचं नाव तुरुंगाच्या नोंदीत जसं आहे तसंच हवं, सोबत बंदी क्रमांक हवाच. क्रमांक नसला की पत्र परत येतं किंवा कुठल्यातरी टेबलावर पडून राहतं. कागद साधा, पांढरा. शाई काळी किंवा गडद निळी. स्टेपलची पिन, टाचणी, स्टिकर, चमकी, डिंक, अत्तर यांतलं काही नको. काही अमली पदार्थ कागदावर फवारून किंवा त्यात मुरवून आत नेले जातात, त्यामुळे डाग पडलेला, ओलसर होऊन सुकलेला किंवा वास येणारा कागद लगेच बाजूला काढला जातो. याच कारणाने कित्येक तुरुंगांत मूळ पत्र हातात देतच नाहीत. स्कॅन करतात आणि प्रत देतात. अशा ठिकाणी पेन्सिलीचं अक्षर उमटत नाही, रंगीत भेटकार्डाचा काळा ठिपका होतो आणि पातळ कागदावर मागची ओळ पुढे दिसते. तेव्हा एकाच बाजूला लिहा, समास मोकळा सोडा, आणि प्रत्येक पानावर त्याचं नाव, क्रमांक व ‘पान १, एकूण २’ असं टाका. स्कॅन करताना पानं सुटी होतात.

दोन पानं पुरे. अनेक तुरुंगांत पत्र कुणीतरी वाचून मगच पुढे सोडतं, त्यामुळे दहा पानांचं पत्र जास्त दिवस अडकतं. तपासणाऱ्याला न येणाऱ्या भाषेत लिहिलं तरी तेच. पत्राला तारीख आणि अनुक्रमांक द्या. ‘हे माझं पाचवं पत्र’ एवढ्या शब्दांवरून त्याला कळतं की चौथं पोहोचलंच नाही. स्वतःजवळ फोटो काढून ठेवा, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा विचारला जात नाही.

पहिल्या पत्रात चार गोष्टी सांगा: तुम्ही कोण, नाव कुठून मिळालं, किती दिवसांनी लिहाल, आणि काय करू शकणार नाही. पैसे, वकील, नोकरी, कुणाला निरोप पोहोचवणं हे सगळं ‘करू शकणार नाही’मध्ये आधीच घाला. नंतर नकार दिला की तो त्याला एकट्यालाच दिल्यासारखा वाटतो. गुन्हा विचारू नका. स्वतःहून सांगू लागला आणि खटला चालू असेल, तर ‘हे वकिलाशीच बोला, आपली पत्रं वाचली जातात’ असं स्पष्ट लिहा. पत्रातला मजकूर पुढे पुरावा म्हणून वापरला जाऊ शकतो. समासात नकाशे किंवा खुणेची चित्रं काढू नका; सांकेतिक निरोप समजून अख्खं पत्र जप्त होतं.

मग लिहायचं काय? साधं रोजचं. पाऊस, वाचत असलेलं पुस्तक, झाडाला आलेली कळी. आणि दोनच प्रश्न, ज्यांचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’वर संपत नाही. ‘कसे आहात?’ला आतून काय उत्तर देणार? ‘दिवसातला कोणता वेळ त्यातल्या त्यात बरा जातो?’ याला देता येतं.

धर्माच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे: त्याने विचारल्याशिवाय उपदेश नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१५ साली स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत, म्हणजे कैद्यांना कसं वागवावं याच्या किमान नियमांत, हाच सूर आहे. ५८वा नियम कुटुंबीय व मित्रांशी पत्रव्यवहाराबद्दल आहे. ६५वा सांगतो की कुठल्याही धर्माच्या योग्य प्रतिनिधीला भेटणं कैद्याला नाकारू नये, आणि त्याला स्वतःला अशी भेट नको असेल तर त्याच्या मताचा पूर्ण मान राखावा. ६६वा धर्मग्रंथ जवळ बाळगण्याबद्दल. हे नियम बंधनकारक कायदा नाहीत, पण परवानगीच्या अर्जात त्यांचा उल्लेख जरूर करावा.

तेव्हा आधी विचारा: तुम्ही काय मानता, त्यासाठी काय हवंय? त्याच्या परंपरेची माहिती तुम्हाला नसेल तर त्या परंपरेतला माणूस शोधून द्या. तो कशावरच विश्वास ठेवत नसेल तरी पत्रं चालूच ठेवा. ग्रंथ पाठवायचा तर कागदी बांधणीचा, कोरा, आणि बहुतेकदा थेट प्रकाशकाकडून किंवा दुकानातून; जाड पुठ्ठ्यात वस्तू लपवता येतात म्हणून तो नाकारतात. जपमाळेचा दोरा आणि धातूचा मणीसुद्धा अडतो, त्यामुळे पाठवण्याआधी लेखी विचारा. सण-उपवासांच्या तारखांची एक पानी यादी मात्र फार उपयोगी पडते. उपवासाच्या दिवसांत जेवणाची वेळ बदलून हवी असेल तर कैद्याला कित्येक आठवडे आधी अर्ज करावा लागतो, आणि आत तारीखच माहीत नसते.

‘देवाने तुला माफ केलं’ हे वाक्य टाळा. ज्याचं नुकसान झालं तो माणूस त्यात कुठेच नसतो, हे आतल्या माणसालाही कळतं. ‘हे कर्माचं फळ’ तर कधीच नको. प्रार्थना करणार असाल तर कशासाठी करू हे विचारा, आणि त्याचं नाव परवानगीशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

पैशांची मागणी येईल. साबण, चपला, फोनचे पैसे या गरजा बहुधा खऱ्याच असतात. तरी पैसे पाठवू नका, मागणी संस्थेला कळवा आणि कळवल्याचं त्याला सांगा. प्रेमाची भाषा आली तर पुढच्याच पत्रात, सौम्य पण निःसंदिग्ध शब्दांत थांबवा. गप्प राहिलात तर तो होकार समजतो.

उत्तर आलं नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका. बदली, एकांत कोठडी, आजारपण, तिकीट नसणं, किंवा सुनावणीत काही बिनसल्यावर कुणाशीच न बोलावंसं वाटणं, यांतलं काहीही असेल. ठरलेल्या दिवशी आणखी दोन छोटी पत्रं पाठवा, उत्तराचा तगादा न लावता, आणि संस्थेमार्फत बदलीची चौकशी करा.

सुटका जवळ आली की तीनेक महिने आधीपासून विचारायला लागा: ओळखीची कागदपत्रं कुठे आहेत, पहिली रात्र कुठे काढणार, औषधं किती दिवसांची मिळतील, कुठल्या प्रार्थनास्थळी कुणाला भेटायचं. तो भेटायचा माणूस तुम्ही नसावं. बाहेर आल्यावर भेटण्याबाबत संस्थेचे नियम असतात, ते पाळा. आणि तुम्हालाच थांबावं लागणार असेल तर दोन पत्रं आधी कळवा, कारण लिहा, आणि पुढे कोण लिहिणार त्याचं नाव त्याच पत्रात द्या.