तुम्ही विचारलंत म्हणून: वर्णन चुकलं तरी माणूस सापडतो कसा?

भाषेचं तत्त्वज्ञान शिकवते म्हटलं की हमखास प्रश्न येतो, "समोरच्याला कळलं की झालं ना, त्यात फिलॉसॉफी कसली?" एकदाच लिहून टाकते.

कळतं हो, पण ते वाक्यामुळे कळतं की बोलणाऱ्यामुळे, भांडण तिथे आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल 1905 साली म्हणाला की 'फ्रान्सच्या सध्याच्या राजाला टक्कल आहे' हे वाक्य कोणाकडे बोट दाखवतच नाही, ते एवढंच सांगतं की असा राजा आहे, एकच आहे आणि त्याला टक्कल आहे. राजाच नाही, म्हणजे वाक्य खोटं.

खरी मजा 1966 मध्ये डॉनेलन या अमेरिकन तत्त्वज्ञाने आणली. पार्टीत कोणीतरी विचारतं, तो मार्टिनी (एक दारू) पिणारा माणूस कोण, आणि ग्लासात असतं साधं पाणी, तरी ऐकणारा बरोबर त्याच माणसाबद्दल सांगतो. वर्णन सपशेल चुकलं आणि काम झालं! रसेल म्हणतो वर्णन बोट दाखवत नाही, इथे तर दाखवलं, मग रसेल गेला का? क्रिप्के हा आणखी एक अमेरिकन तत्त्वज्ञ 1977 च्या लेखात म्हणतो, थांबा, समजा एखाद्या समाजाने ठरवूनच अशी भाषा घेतली की जिच्यात वर्णनांचा अर्थ रसेल म्हणतो तोच, तरी तिथली माणसंही पार्टीत अशीच चुकतील आणि असंच निभावून नेतील, म्हणजे डॉनेलनने पकडलंय ते बोलणाऱ्याच्या मनातलं, शब्दांचा अर्थ नाही.

क्रिप्केच्या त्या लेखातच सर्वनामाचं एक उदाहरण येतं, ते मला फार आवडतं. एका बाईबरोबर कोणीतरी पुरुष बघून तुम्ही म्हणता, "हिचा नवरा हिच्याशी किती छान वागतो." तो नवरा नसतोच. आता मैत्रीण म्हणू शकते, "छे गं, तो कुठे छान वागतो, हा तिचा नवराच नाहीये." किंवा, "हो, तो छान वागतो, पण तो नवरा नाहीये तिचा." दोन्ही उत्तरं चालतात आणि दोन्हींतला 'तो' वेगळा! पहिला शब्दांतून आलेला, म्हणजे खरा नवरा, दुसरा तुमच्या नजरेसमोरचा. शाळेत शिकवतात सर्वनाम म्हणजे नामाऐवजी, ठीक आहे, पण कुणाच्या नामाऐवजी?

मी एकूण क्रिप्केच्या बाजूची. फक्त 'टेबलावर पुस्तक आहे' म्हटलं की जगातल्या इतक्या टेबलांमधलं कुठलं, तिथे रसेलचं ते 'एकच' अडतं, आणि असल्या वर्णनांची अडचण क्रिप्केही त्याच लेखात मान्य करतो. त्यामुळे रसेलशी वाद घालायचाच तर मी टेबलापासून सुरू करेन, मार्टिनीपासून नाही.